घड्याळाचा हात

"इथं बघा, कॅमेरावाल्याचा हात थरथरलाय," चष्मेवाली मुलगी म्हणाली आणि तिनं जुनी फिल्म फिरवायचं टेबलावरचं हँडल थांबवलं. चहात साखर कमी पडलीय असं सांगावं, तितक्या सहज म्हणाली. खुर्चीतली म्हातारी पुढं वाकली. "कुणाचा हात?" "कॅमेरावाल्याचा. त्या काळी कॅमेरा हातानंच फिरवायचे ना. हात हळू पडला की चित्र उजळतं, जोरात पडला की काळवंडतं. बाकी सगळं रीळ एकसारखं आहे, आणि ह्या एका शॉटमध्ये बघा, सारखं उजळतंय आणि काळवंडतंय. त्या दिवशी कुणीतरी कच्चा माणूस उभा केला असणार." म्हातारीच्या शेजारी स्टुलावर, मांडीवर दोन पिशव्या घेऊन तिची लेक बसली होती. तिनं मान वर केली. तो कच्चा माणूस म्हणजे तिचा बाप, हे त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगावं असं ह्या दोघींना त्या क्षणी सुचलंही नाही.

खरं तर इथं यायचंच म्हातारीच्या जिवावर आलं होतं. अधूनमधून कुणीतरी तिला असं उकरून काढायचं. मग फुलांचा गुच्छ, एक फोटो, मूकपटांच्या काळाबद्दल तेच ते चार प्रश्न, आणि पुन्हा वर्षानुवर्षं कुणाला आठवण नाही. एका वर्तमानपत्रानं तर तिला एकदा मारूनही टाकलं होतं. लेकीनं फोन करून ती जिवंत असल्याचं कळवलं, तर तिकडचा माणूस म्हणाला, वा, छान. ह्या वेळी मात्र जुन्या चित्रांच्या संग्रहालयातली ही मुलगी स्वतः घरी आली होती. एक बंद पडलेलं थिएटर पाडताना पडद्यामागच्या माळ्यावर डबे सापडले होते, आणि त्यांतल्या एकात तिनं काम केलेलं चित्र होतं, तिच्या मूकपटांतलं शेवटून दुसरं, जे जगात कुठंच उरलं नाही असं सगळे समजून होते. ते काढणाऱ्या कंपनीतलं जिवंत असं तीच तेवढी उरलेली. तेव्हा तिनं येऊन पाहावं, काही आठवलं तर सांगावं. तळघरातली ही खोली थंडगार होती. फिल्म इतकी आक्रसली होती की मोटर लावली तर तुकडे पडतील, म्हणून मुलगी ती एका टेबलावर हातानं फिरवत होती आणि पोस्टकार्डाएवढ्या काचेवर चित्र उमटत होतं. कापराचा आणि न धुतलेल्या मोज्यांचा मिळून एक वास येत होता. हा वास तिच्या चांगला ओळखीचा होता. लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं नवऱ्याच्या शर्टाला, केसांना, बोटांच्या पेरांना तो यायचा. मुलगी हा वास सोसून रोज काम करते म्हणजे हिचं लग्नही कुणी लवकर जमवणार नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिला स्वतःचंच हसू आलं.

कच्चा माणूस. अख्खी कंपनी त्याला 'घड्याळ' म्हणायची. "घड्याळ आलं का?" "घड्याळाला बोलवा, ऊन चाललंय." त्याचा हात एकदा हँडलवर पडला की जग बुडालं तरी चाल बदलायची नाही. दुसरे कॅमेरावाले तोंडानं आकडे मोजायचे, हा नाकातल्या नाकात एक गाणं गुणगुणायचा. कुठलंही नव्हतं ते गाणं, त्याचं त्यानंच जुळवलेलं, वर जाऊन खाली येणारं आणि कधीच न संपणारं. ती कंपनीत आली तेव्हा कपड्यांच्या खोलीत गुंड्या शिवायला आली होती. एक दिवस नायिकेनं थंड पाण्यात उडी मारायला नकार दिला. डायरेक्टरनं आजूबाजूला पाहिलं, आणि हातात सुईदोरा असलेली ही पोरगी त्याच्या नजरेला पडली. उडी मारून ती वर आली तेव्हा रडत होती, खरोखरची, थंडीनं आणि भीतीनं, आणि डायरेक्टर ओरडत होता, थांबू नका, थांबू नका, चेहरा घ्या. त्या चेहऱ्यावर तिची पुढची सगळी वर्षं निघाली. तेव्हाची फिल्म लाल रंग काळा दाखवायची, म्हणून तोंडाला पिवळा रंग आणि ओठांना निळा फासायचा. आरशात पाहिलं की कावीळ होऊन मेलेल्या बाईसारखी दिसायची. पडद्यावर मात्र लोक तिच्यासाठी वेडे व्हायचे. मोठ्या दिव्यांनी डोळे भाजायचे. रात्री बटाट्याचे गार काप डोळ्यांवर ठेवून पडून राहायचं आणि सकाळी पुन्हा त्याच दिव्यांत उघड्या डोळ्यांनी बघायचं. नट्यांना रडू यावं म्हणून कंपनीनं एक व्हायोलिनवाला पगारावर ठेवला होता. तिच्या शॉटला तो बाहेर जाऊन विडी ओढायचा. हिला माझी गरज नाही, म्हणायचा, हिच्या डोळ्यांत नळ बसवलाय.

"तुम्हाला रडायला येतं," घड्याळानं तिला एकदा विचारलं होतं, लग्नाच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, "तेव्हा आत काय असतं?" "काही नसतं," ती म्हणाली होती. "तुमचं ते गाणं ऐकू येतं." हे तिनं गंमतीनं सांगितलं की खरं, ते तिला आज आठवेना. पण त्याचे कान लाल झाले होते हे आठवत होतं. लग्न झाल्यावर तो रविवारी तिच्या शिवणयंत्राचं चाक फिरवून द्यायचा आणि ती दोन्ही हातांनी कापड सरकवायची. टीप अशी एकसारखी पडायची की शेजारची शिंपीण येऊन बघून गेली. आणि मग मूल झालं. मुलगा. चिडका, लालबुंद, दिवसभर किंचाळणारा. ती पाळणा हलवायची तर तो जास्तच रडायचा. घड्याळ कामावरून यायचा, हात धुवायचा, पाळण्याच्या कडेवर एक बोट ठेवायचा, आणि ते वर जाऊन खाली येणारं गाणं सुरू झालं की पोरगं दोन मिनिटांत गप्प. "ह्याला कॅमेऱ्याचा हात कळतो," तो म्हणायचा, "बापाचा धंदा घेणार." ती घाईनं घरी येऊन तशीच पोराला उचलायची, आणि त्याच्या कपाळावर, कानामागं पिवळा रंग लागायचा. तो पुसता पुसता हसायची. एवढं सुख आपल्या वाट्याला आलं होतं, हे आज तिला कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीसारखं वाटलं.

तापानं गेलं पोरगं. तीन दिवसांत. डॉक्टर दोनदा आला आणि दोन्ही वेळा म्हणाला, बघू. त्या आठवड्यात कंपनीत हेच चित्र काढणं चाललं होतं, आणि एकच मोठा प्रसंग उरला होता. त्यातल्या आईचं मूल जातं आणि ती ते मांडीवर घेऊन बसते. मालक घरी येऊन गेले. टोपी हातात धरून बसले. मग उठताना हळूच म्हणाले, सेट परवा मोडायचाय, जागा भाड्याची आहे, पण तुम्ही विचार करू नका. तिला पुढची कित्येक वर्षं वाटत आलं होतं की आपल्याला ओढून नेलं. मालकांनी नेलं, डायरेक्टरनं नेलं, नशिबानं नेलं. प्रत्यक्षात सकाळी उठून तिनं स्वतःच केस विंचरले होते. घरात तो रिकामा पाळणा होता आणि शेजारणी येऊन बसत होत्या. तिथं बसण्यापेक्षा कुठंही गेलेलं बरं, असं तिला वाटलं होतं. आणि आणखीही काहीतरी वाटलं होतं, त्याच्याकडं ती आजवर कधी वळून बघायला गेली नव्हती. नवरा तिच्या मागं मागं निमूट आला. दारातून बाहेर पडताना त्यानं पाळण्याची दोरी वर आढ्याला बांधून टाकली.

त्या शॉटची तिला इतक्या वर्षांत फक्त एकच गोष्ट लख्ख आठवत होती. मांडीवर कापडात गुंडाळलेली लाकडी बाहुली होती, समोर दिवे होते, आणि ती ओरडून रडत होती, पोटातून, जनावरासारखी. मूकपटात काहीही बोललं तरी चालायचं. कुणी बाजाराच्या गप्पा मारायचं, कुणी नायकाला शिव्या घालायचं. ती पोराचं नाव घेत होती. आणि दिव्यांच्या मागच्या काळोखातून कॅमेऱ्याची ती टिकटिक येत होती. एकसारखी. पाळण्यावर जो हात होता तोच हात, तीच चाल. ती रडता रडता वाट बघत होती, आता हा थांबेल. बाकी कुणाला नाही कळलं तरी ह्याला कळेल. ह्याचंही होतं ना पोरगं? आत्ता हँडल सोडेल, दिवे ओलांडून येईल, मला उठवेल, चल घरी म्हणेल. तो आला नाही. टिकटिक चालूच राहिली, डायरेक्टर "बस्स" म्हणेपर्यंत. मग सगळीकडं शांतता पसरली, व्हायोलिनवाला दारात उभा राहून डोळे पुसत होता, आणि नवरा कॅमेऱ्यावर काळं कापड टाकत होता, तिच्याकडं पाठ करून. त्या पाठीशी तिनं पुढचे सगळे दिवस संसार केला.

बोलून तिनं एकदाच दाखवलं. स्वयंपाकघरात, भांडी विसळताना, मध्येच. "तुमचा हात एकदासुद्धा अडखळला नाही." तो ताट पुसत होता. तेच ताट तो पुसत राहिला, मग म्हणाला, "अडखळला असता तर तुला परत रडावं लागलं असतं." बस्स, एवढंच. काय हा माणूस, तिला वाटलं, ह्याला अजून शॉटचीच पडलीय. तिनं कानाला खडा लावला. पुन्हा तो विषय काढला नाही. लेक झाली, मोठी झाली, आणि त्या घरात माणसं एकमेकांशी मीठ, किल्ली आणि हवा ह्यांपलीकडं बोलत नाहीत हे तिला इतकं सवयीचं झालं की सासरी गेल्यावर तिथल्या मोठमोठ्या बोलण्यानं तिचं डोकं दुखायचं. ते चित्र खूप चाललं. लोक रडून थिएटराबाहेर यायचे आणि पुन्हा तिकीट काढून आत जायचे. ती स्वतः बघायला गेली नाही, कधीच नाही. त्याच चित्रानंतर घड्याळानं कंपनी सोडली. मालकांच्या खोलीत एकदा मोठमोठ्यानं बोलणं झालं, दार लावून. घरी येऊन म्हणाला, कंटाळा आला. मग त्यानं एका गल्लीत फोटोचं दुकान टाकलं. पाटी लावलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत बसून तो मरेपर्यंत लोकांना "हलू नका" म्हणत राहिला. त्याला घड्याळ म्हणणारं कुणी उरलं नाही. तिचं म्हणाल तर बोलपट आले. आवाज काही वाईट नव्हता तिचा. पण बोलत बोलत रडायला सांगितलं की तिचं तिलाच ऐकू यायचं, आणि रडू आटायचं. एका चित्रात नायकाची आई, एकात दाई, एकात नुसतीच दार उघडणारी बाई. मग तिनं दार उघडणंही सोडलं. नळ बंद झाला, एवढंच. कुणी फार चुकचुकलंही नाही.

"परत दाखव," ती आता म्हणाली. "सुरुवातीपासून." मुलीनं रीळ मागं घेतलं. काचेवर ती खोली उमटली, तो खोटा दरवाजा, खोटी खिडकी, आणि मध्ये ती. किती लहान होती! लेकीच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. मुलगी हँडल फिरवत होती आणि चित्र खरोखरच श्वास घेत होतं. उजळायचं, मंदावायचं, पुन्हा उजळायचं. ही थरथर तिला कधीच ऐकू आली नव्हती. टिकटिक एकसारखी होती, हे ती शपथेवर सांगू शकली असती. की आपण रडत होतो म्हणून तसं ऐकलं? की नंतर ठरवलं? काचेतली पोरगी बाहुली छातीशी धरून पुढं-मागं डुलत होती. आणि मग म्हातारीला ते दिसलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, तिचं अख्खं आयुष्य ज्या धंद्यात गेलं त्यातल्या माणसालाच दिसेल असं. पोरगी रडता रडता अगदी थोडी डावीकडं सरकली. हनुवटी जराशी वर गेली. बाजूच्या दिव्याचा उजेड गालावर नीट पडेना, म्हणून तिनं तो शोधून घेतला. खांदाही मोकळा केला, कॅमेऱ्याला चेहरा दिसावा म्हणून. पोटच्या पोराचं नाव घेत ओरडताना तिनं उजेड शोधला होता. आणि तो अचूक शोधला होता. त्या सकाळी केस विंचरताना जे वाटलं होतं आणि जे तिनं मनात कधी पुढं येऊ दिलं नव्हतं, ते हेच होतं. आज आपल्याला फार छान रडता येईल.

"आता पुढं बघा, हे सगळ्यात वाईट," मुलगी म्हणाली. चित्र उजळत उजळत गेलं, चेहरा फिका पडला, नाकडोळे विरले, आणि काच पांढरी झाली. नुसती पांढरी. मग हळूहळू पुन्हा चेहरा उमटला. पोरगी रडतच होती, हनुवटी तशीच वर. "हे पांढरं काय आहे?" म्हातारीनं विचारलं. "कॅमेरा थांबला होता," मुलगी म्हणाली. "हात सुटला असेल. हँडल थांबलं की एकाच चौकटीवर उजेड साचत राहतो, मग असं पांढरं होतं. नंतर परत सुरू केलंय त्यानं. खरं तर अख्खा शॉटच वाया गेला होता. मालकांनी परत का नाही घेतला कोण जाणे. पण काळजी करू नका, आजी. पुढच्या आठवड्यात हे लॅबमध्ये जाईल. तिथं उजेड एकसारखा करतात आणि हे पांढरे तुकडे कापून टाकतात. कळणारही नाही काही. मग हे मूळ रीळ आम्ही जाळून टाकतो, ह्या जुन्या फिल्म पेट घेतात म्हणून. नव्या कॉपीत तुम्ही एकदम स्वच्छ दिसाल."

खोलीत कुठंतरी पंखा घरघरत होता. लेकीनं पिशव्या खाली ठेवल्या. "आई," ती म्हणाली, "बाबा होते ना त्या कॅमेऱ्यावर?" म्हातारीला मालकांच्या खोलीचं बंद दार आठवत होतं. आतून येणारा तो चढलेला आवाज, आणि त्यात तिच्या नवऱ्याचा आवाज नव्हताच, फक्त मालकांचा होता. शॉट बिघडवल्याबद्दल नवरा मुकाट्यानं बोलणी खात होता, तर. अडखळला असता तर तुला परत रडावं लागलं असतं. ताट पुसत म्हणाला होता. किती वेळ पुसत होता ते एकच ताट! तो थांबला होता. हँडल सोडून त्या काळोखात उभा राहिला होता, बघत, की आता ही थांबेल, आपल्याकडं बघेल, आणि मग आपण दोघं घरी जाऊ. आणि समोर ती हनुवटी वर करून उजेडात बसली होती. ती थांबेना, तेव्हा त्यानं पुन्हा हँडल हातात घेतलं असेल. तिचं एवढं रडणं फुकट जाऊ नये म्हणून. ते तिला पुन्हा काढावं लागू नये म्हणून. त्याच्यावर तिनं जो राग आयुष्यभर धरला तो सगळा खरं तर तिचा स्वतःवरचा होता, आणि तो गपचूप अंगावर घेऊन नवरा फोटोच्या दुकानात जाऊन बसला. तिला राग आला त्याचा. बोलला का नाही मेला? एकदा बोलला असता. भांडला असता. आणि मग तिला फार दमल्यासारखं झालं, इतकं की खुर्चीच्या हातावरचा स्वतःचा हातसुद्धा जड लागला.

"हे कापू नका," ती म्हणाली. मुलगी गोंधळली. "पण आजी, तो दोष आहे. लोक हसतील. त्यांना वाटेल, चित्रच बिघडलंय." "हसू देत." "अहो, पण तुमचाच एवढा सुंदर शॉट..." "तो शॉट माझा नाही, बाळ," ती म्हणाली. "तो ज्यानं घेतला त्याचा आहे. माझे यजमान होते ते. कच्चे नव्हते. त्यांचा हात कसा होता ते हिला विचार." तिनं लेकीकडं बोट केलं, पण लेकीला काही सांगता आलं नाही. ती लहानपणी एका अंधाऱ्या दुकानात खेळायची आणि बाप हलू नका म्हणायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. मुलीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिचे कान लाल झाले होते. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी लिहून ठेवते. जसंच्या तसं ठेवायचं म्हणून सांगते. पांढरं, थरथर, सगळं."

"मी फिरवू का एकदा?" म्हातारीनं विचारलं. मुलीनं तिची खुर्ची पुढं सरकवली आणि तिचा हात हँडलवर नेऊन ठेवला. "सावकाश हं. तुटेल." उभ्या जन्मात तिनं हँडल धरलं नव्हतं. ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. तिनं फिरवायला सुरुवात केली. तिच्या हाताला आता वयाचा कंप होता, आणि त्याच्या हाताची ती जुनी थरथर त्यात मिसळून चित्र अगदीच वेडंवाकडं हलायला लागलं. कशी चाल धरायची तिला कळेना. मग नाकातून एक आवाज निघायला लागला, आधी तिलाही कळलं नाही कुणाचा. वर जाऊन खाली येणारा. लेक तिच्याकडं बघत राहिली. हे गाणं तिनं आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं. काचेतली पोरगी डुलली, सरकली, हनुवटी वर केली. चेहरा फिका पडत गेला, पांढरा झाला, आणि तिथं म्हातारीनं हात थांबवला.

"काय बघतेस, आई?" लेकीनं हळूच विचारलं. "तिथं तर काहीच नाहीये."

"तुझे बाबा आहेत," ती म्हणाली.

मुलगी अवघडून उभी होती. एकाच जागी फार वेळ दिवा लागला तर फिल्म तापते, हे तिला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. शेवटी ती वाकून म्हणाली, "आजी, पुढं फिरवायचं ना?"

"थांब," म्हातारी म्हणाली. हा शब्द तिनं तेव्हा, त्या शॉटमध्ये म्हटला असता तर कुणाला कळलाही नसता, त्याच्याशिवाय. "थांब जरा."